अल सद्दच्या गच्चीवरचा ट्राउट

राहिल होडेकरने जन्मात ट्राउट पाहिलेला नाही. पुस्तकात पाहिलाय, मोबाइलवर पाहिलाय. एकदा सुपरमार्केटच्या बर्फावर एक जण डोळे वटारून पडला होता, राहिलने त्याला मोठ्या अदबीने निरखलं, तर तो सॅमन निघाला. तरीसुद्धा अख्ख्या कतारात ट्राउटसाठी माशी बांधावी ती राहिलनेच, याबद्दल दोह्यातल्या मासेमारी मंडळाच्या सहाही सभासदांचं एकमत आहे. आणि या सहा जणांचं एकमत होणं म्हणजे काय चीज आहे, ते मंडळाची एक तरी सभा बघितलेल्यालाच कळेल.

माशी म्हणजे खरी नव्हे हो. थंड मुलखातल्या ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा राहतो, तो भलता चोखंदळ. त्याला फसवायला गळावर पिसं, केस नि दोरा गुंडाळून खोटा किडा करतात, आणि लांब दोरीने तो पाण्यावर अलगद टाकतात. कतारात ओढा नाही, नदी नाही, ट्राउट तर नाहीच नाही. पण एवढ्याशा कारणावरून मंडळ काढायचं थांबतील तर ते देवव्रत पटवर्धन कसले!

पटवर्धन मूळचे पुण्याचे, गॅस कंपनीत इंजिनिअर, शुद्ध शाकाहारी. बावीस वर्षांपूर्वी कुलूला सहलीला गेले असताना त्यांनी एक ट्राउट पकडला आणि लगेच पाण्यात सोडून दिला. तेव्हापासून गडी कामातून गेला. दोह्यातल्या अल सद्द भागात राहिल अबायांच्या, म्हणजे अरबी बुरख्यांच्या, ज्या दुकानात जरीकाम करतो, तिथे ते आपलं सतरा खिशांचं मासेमारीचं जाकीट शिवायला घेऊन आले. आधीच्या शिंप्याला ते मराठीत पुटपुटत शिव्या देत होते, आणि राहिलने मान वर न करता मराठीतच सांगितलं की टाका वाईट नाही साहेब, दोरा वाईट आहे. झालं. पुढच्या शुक्रवारी राहिल पटवर्धनांच्या टेबलाशी बसून चिमट्यात धरलेल्या गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळत होता.

त्या पिसाला इंग्रजीत हॅकल म्हणतात. पटवर्धन म्हणत नाहीत. ते या विद्येचा मराठी परिभाषाकोश लिहिताहेत आणि त्यात हॅकलला मानपीस म्हटलंय. पाण्यावर तरंगणारी ड्राय फ्लाय ती शुष्क मक्षिका, बुडणारी ती आर्द्र मक्षिका. माशाने माशी घेतली तर स्वीकार, तोंड फिरवलं तर अव्हेर. मासा पकडून सोडून देण्याला त्यांनी ग्रहणमोचन असा शब्द काढलाय. तो ऐकून राहिलच्या बायकोने, सुमैयाने, हे लोक नक्की मासेच पकडतात ना, असं विचारलं होतं. राहिलने हे सगळे शब्द पाठ केले. जरीकाम करणाऱ्याचे हात आणि पाठांतराची खोड, आणखी काय लागतं?

बरं, नियम असा की ज्या आठवड्यात नदीवर जो किडा निघतो, माशीही तशीच बांधायची. दोह्यात कुठला किडा निघतो यावर मंडळाच्या दोन सभा झाल्या. एसीच्या पाण्यावरचे डास सुचवले गेले. शेवटी चार विरुद्ध दोन मतांनी झुरळ मंजूर झालं. राहिलने पक्षीबाजारातून तपकिरी कोंबड्याची पिसं आणली, उंटाचे केस मेणाच्या दोऱ्यावर पिळून पोट केलं, आणि असं झुरळ बांधलं की सुमैयाने चप्पल उचलली. याहून मोठी पावती त्याला तोवर कुणी दिली नव्हती.

आता खरी अडचण माशाची. पटवर्धनांच्या इमारतीच्या गच्चीवर पोहायचा तलाव आहे. भिंतीवरच्या पाटीवर धावू नये, काच आणू नये, ओलं होऊन लिफ्टमध्ये जाऊ नये असं बरंच काही लिहिलंय. मासे पकडू नयेत असं नाही. तर मंडळाने ठरवलं की ट्राउट माणसाने व्हायचं. उथळ बाजूला पाण्यात प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत ट्राउट, तोंड पाणी आत येतं त्या नळाकडे, कारण ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून राहतो. ट्राउटने बोलायचं नाही. माशी पटली तर ती मुठीत धरायची, नाही पटली तर मान फिरवायची. पकडणाऱ्याने दोरी हळूहळू ओढून ट्राउटला कडेला आणायचं, आपले हात आधी पाण्यात बुडवायचे, कारण कोरड्या हाताने माशाची कातडी सोलवटते, मग माशी काढून घ्यायची आणि दहा सेकंदांच्या आत ट्राउटला सोडायचं. दहाच्या वर गेलं की बाद. गळाचं टोक अर्थात घासून बोथट केलेलं असतं. एवढं तारतम्य आहे.

चार वर्षं वार्षिक स्पर्धेत ट्राउट होत्या पटवर्धनांच्याच पत्नी, शैलजाबाई. त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल ब्र काढायची सोय नव्हती, कारण चारही वर्षं त्यांनी नवऱ्याच्या माशीकडे बघून मान फिरवली. कारण विचारलं तर म्हणायच्या, मनात आलं नाही. यंदा त्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि ऐन स्पर्धेच्या मार्चात मंडळ ट्राउटवाचून पोरकं झालं.

त्याच सुमाराला राहिलचे वडील, रहमानचाचा, व्हिजिट व्हिसावर आले होते.

रहमान होडेकर कोकणातल्या हर्णै बंदरावरचे तांडेल, बोटीचे प्रमुख. पन्नास वर्षं समुद्र केला. वारा बघून सांगायचे की आज सुरमई कुठे असेल. त्यांचा हा एकुलता एक मुलगा बोटीवर चढला की ओकायचा. नुसता नव्हे, आतडी बाहेर पडतील असा. तीन मोसम त्यांनी वाट बघितली, मग सोळाव्या वर्षी बंदरावर सगळ्यांदेखत सांगितलं की हा पोरगा मासळीचा नाय, याला शिलाईला घाला. रागाने नव्हे, साधं सांगितलं, जसं बोट गळते म्हणून सांगावं. राहिल आज एकेचाळीस वर्षांचा आहे, घर बांधून दिलंय, बापाला हजला नेलंय, तरी ते वाक्य त्याच्या छातीतून हललेलं नाही. बापाने एकदा म्हणावं की तूसुद्धा आमच्यातला, एवढंच त्याला हवंय. म्हणूनच तर तो या येड्यांच्या मंडळात आला, दुसरं काय!

पण मंडळाचं बापाला सांगायची त्याची छाती होईना. हर्णैच्या तांडेलाला सांगणार काय, की मी पिसांचं झुरळ बांधतो, एक शाकाहारी माणूस ते पाण्यात टाकतो आणि एक बाई खुर्चीत बसून नाही म्हणते? शेवटी ते सांगितलं पटवर्धनांनीच. ते घरी आले, चहा प्यायले आणि रहमानचाचांना विनंती केली की आपण ट्राउट व्हावं. मासा काय विचार करतो ते आपल्याइतकं या शहरात कुणाला माहीत आहे? राहिलला वाटलं जमीन फाटेल तर बरं. नातीने, हनियाने, इंग्रजीत सांगून टाकलं की आजोबा, प्लीज, डोन्ट. रहमानचाचांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, पाणी गरम असतं का?

शुक्रवारी सकाळी नमाजाच्या बऱ्याच आधी रहमानचाचा लुंगी खोचून तलावात उतरले आणि खुर्चीत बसले. डोक्याला टोपी, तोंड नळाकडे. पाणी गुडघ्याच्या वर. पटवर्धनांनी नियम वाचून दाखवले. ट्राउटने प्रामाणिक राहावं या वाक्यावर रहमानचाचांनी त्यांच्याकडे असं बघितलं की पटवर्धनांनी ते वाक्य परत वाचलं नाही.

पहिला उतरला गिरीश, रिफायनरीतला. त्याची माशी धपकन पडली. अव्हेर. पुढच्या दोघांच्या माशा दोरीच्या ओढीने पाण्यावर रेघ काढत गेल्या. खरा किडा कधी असा नांगरत जात नाही. अव्हेर, अव्हेर. मग पटवर्धन. त्यांची फेक म्हणजे काय सांगावी! दोरी हवेत मागे उलगडली, पुढे उलगडली, आणि माशी कापूस उतरावा तशी पाण्यावर उतरली. रहमानचाचांनी मान फिरवली. ट्राउटने बोलायचं नाही हा नियम मोडून ते म्हणाले, साहेब, तुमची सावली माझ्यावर आधी आली, माशी मागून आली. पटवर्धनांनी मागे वळून सूर्याकडे बघितलं, चार वर्षांचा विचार केला, आणि वही काढून ते लिहून घेतलं. शैलजाबाईंना तेव्हाच फोन लावायचीही त्यांची इच्छा होती, ती गिरीशने आवरली.

शेवटी राहिल. बांधतो तो छान, पण फेकायच्या नावाने शंख. त्यातून समोर बाप. पहिली फेक मागच्या आरामखुर्चीला अडकली. दुसरी आली ती दोरीच्या वेटोळ्यासकट, चापट मारल्यासारखी, बापाच्या गुडघ्यापाशी. पाणी उडालं ते थेट टोपीवर. झुरळ उलटं पडलं. कुठल्याही देशातला ट्राउट एव्हाना पसार झाला असता.

रहमानचाचांनी वाकून ते झुरळ उचललं. डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्याच्या नखाने डोक्यापाशी काहीतरी चाचपलं, मग दातात धरून ओढून बघितलं, पुन्हा नख लावलं. चांगला मिनिटभर चाललं होतं त्यांचं. मग त्यांनी मूठ मिटली.

स्वीकार. गच्चीवर टाळ्या पडल्या. राहिलच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. एवढी वर्षं वाट बघितली ती याच्यासाठी? पोरगं सगळ्यांसमोर पडेल म्हणून बापाने सांभाळून घेतलं, दुसरं काय असणार. त्याने दोरी ओढून घेतली, रहमानचाचा पाण्यातून चालत कडेला आले, तो गुडघ्यावर बसला, हात पाण्यात बुडवले आणि बापाची मूठ धरली. पटवर्धनांनी घड्याळ काढलं.

राहिल खालच्या आवाजात म्हणाला, “अब्बा, असा नको मला. कीव करून घेतलेला नको. फेक वाईट होती, तुम्हाला ठाऊक आहे.”

“वाईटच होती,” रहमानचाचा म्हणाले. “फेकीला कोण आलाय? पन्नास वर्षं जाळी विणली मी. मागची चार मिनिटं ही गाठ सोडवतोय, सुटत नाय. कुणी शिकवली तुला?”

चार मिनिटं नव्हती ती, पण कोण मोजणार. राहिलला सांगायचं होतं की हिला व्हिप फिनिश म्हणतात, दोरा दोऱ्याखालून सहा वेळा फिरवून आत ओढतात, साहेबांनी अजून तिला मराठी नाव दिलेलं नाही. पण त्याने नुसती मान हलवली, कुणी नाही, माझा मीच शिकलो.

“आमच्या अख्ख्या बंदरात कुणाला येत नाय अशी,” म्हातारा म्हणाला. “मी तुला शिलाईला घातला ते पोटासाठी रे. तू मासळीचा नाय म्हणालो, ते चुकलो.”

एवढ्यात पटवर्धनांनी घड्याळ चालू केलं होतं, सात, आठ, ते मोजत होते. दहाला ट्राउट सोडायचा, नाहीतर स्पर्धा गेली. यंदाचा चषक राहिलच्या हातात आला होता, फक्त ती मूठ सोडायची होती. गिरीशने खूण केली. आजोबांबरोबर आलेली हनिया ओरडली, बाबा, लेट गो. राहिलने ओल्या हातांनी बापाची मूठ तशीच धरून ठेवली. पटवर्धन नियमाचे पक्के, दहा झाले तरी मोजत राहिले, अकरा, बारा, आणि चाळीसच्या पुढे कुठेतरी त्यांनी घड्याळ खिशात टाकलं.