धाकट्या शेठची थोरली मोटर

कापसाच्या जिनिंगमधी काम करणाऱ्याच्या अंगावर रुई बसते, तशे किस्से बी बसतात. किती बी झटका, चार-दोन राहतातच. आमच्या जालन्याच्या जिनिंगमधले हे सगळे एकाच मोटरपायी झालेले. निजामाचं राज्य होतं, वीज कुठली हो! आमचं आपलं घरचं इंजन, इंजनावर डायनामो अन् त्याच्यावर बारक्या मोटरी. त्या चालू करायच्या हंडलावर मी.

*

कारखाना दोघा भावांचा. मोठे शेठ हैदराबादला, इथं धाकटे. धाकट्यांनी भावाला न विचारता, रुईच्या गाठी बांधायच्या प्रेससाठी एक थोरली मोटर आणली. बैल पारखावा तशी पारखली म्हणे. चहूबाजूनं फिरले, पाठीवर थाप मारली अन् सौदा केला.

इंजन गुलामनबी उस्तादांच्या ताब्यात. शेठनं त्यांना विचारलं, आपलं इंजन हिला ओढंल ना? उस्तादांनी दाढी खाजवली.

"चलने को तो बराबर चलेगी, शेठ. मगर उठेगी कैसी?"

तीच तर गोम होती. मोटर चालू होताना जेवढा करंट ओढते, तेवढा चालताना लागत न्हाई. बसलेली म्हैस उठवायला चार गडी लागतात, उठली की एकटी पोरगी हाकत नेते.

*

शेठला धीर कुठला! मुहूर्त काढला, व्यापारी बोलावले. शोभा यावी म्हणून बारक्या मोटरी सगळ्या चालू, भर दुपारी बल्ब बी लावलेले. नारळ फुटला, मी हंडल ओढलं. बल्ब लालबुंद झाले, इंजन दोनदा खोकललं अन् सगळी जिनिंग गपगार!

व्यापाऱ्यांनी पेढे मात्र खाल्ले. एक जण जाताजाता शेठला म्हणला, "मोटर चांगली हाय. आवाज बिलकुल न्हाई."

*

ही गोष्ट हैदराबादला पोचली. मोठ्या शेठचा निरोप आला की मी येऊन पाहतो, मोटर चालली न्हाई तर धाकट्यानं मंठ्याच्या घरच्या दुकानात जाऊन बसावं. धाकट्यांचं जेवणच तुटलं. बिचाऱ्याचा जीव त्या जिनिंगमधी. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाची लेक बाळंतपणाला आल्ती, सारं त्यांना ठाऊक. आम्हाला लई वाईट वाटून राह्यलं होतं.

कपाशी निवडणाऱ्या बायांची मुकादम गंगूबाई. तिनं राजूरच्या गणपतीला मोटरीसाठी नवस बोलला. उस्ताद म्हणले, "बाई, इंजन के वास्ते बी बोल दे. बोजा तो उसपेच है."

*

मंग उस्तादांनी नवी रीत पाडली. सकाळी आधी थोरली, बारक्या मागून. पट्टा रिकाम्या पुलीवर सरकवायचा, म्हंजे प्रेसचं ओझं नको. इंजन चांगलं तापू द्यायचं अन् मंगच हंडल. पहिल्या दिवशी इंजन पार गुडघ्यावर आलं, पण मेलं न्हाई. मोटर फिरली!

गंमत अशी, की मोटर उठेस्तोवर बाया तोंडातून शब्द काढत नसत. कोणी सांगितलं न्हवतं. मी कारण विचारलं तर गंगूबाई माझ्यावरच डाफरली, "अडलेल्या बाईजवळ कोणी गलका करतं का रे?"

*

मोठे शेठ आले. त्यांच्यादेखत मोटर झोकात चालली, गाठ बांधून झाली. पण माणूस पक्का. त्यांनी विचारलं, मंग मुहूर्ताला का बंद पडली?

धाकट्यांचा चेहरा पडला. आपली घाई कबूल करायला ते तोंड उघडणार, तेवढ्यात उस्ताद पुढं झाले.

"गलती मेरी, बडे शेठ. ऑफिस का पंखा चालू रह गया था. जबान देता हूँ, अब पंखा बंद करकेच मोटर उठायेंगे."

मोठ्या शेठनं उस्तादांना चार शब्द सुनावले, उस्तादांनी मान खाली घालून ऐकून घेतले. जिनिंग धाकट्यांकडंच राहिली.

पुढं उन्हाळा तापला. एका सकाळी इंजन तापायला लई वेळ लागून राह्यला होता. धाकटे शेठ ऑफिसात पंख्याखाली बसलेले अन् पंखा बंद. सदरा अंगाला चिकटला होता. मला राहवलं न्हाई. मी आत जाऊन म्हणलं, शेठ, एवढ्याशा पंख्यानं इंजनाला काय होतंय? खुशाल लावा.

शेठनं उपरण्यानं मान पुसली.

"ते मला ठाऊक न्हाई व्हय रे? पण उस्तादांनी जबान दिलेली हाय. जा, हंडलावर थांब."