शेवटची कॅसेट उतरताना

कॅसेट कॅमेऱ्यात घालताना मी सवयीने तिच्या पाठीवरची पट्टी चाचपते. उघडी आहे. सगळ्यांचीच उघडी आहे.

आमची पट्टीची भाषा होती. ती एवढीशी पट्टी सरकवून बंद केली की टेपवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. भूपाल, म्हणजे माझे यजमान, जयसिंगपुरात लग्नांचं शूटिंग करत, एडिटिंग माझ्याकडे. शूटिंगवरून आले की डाव्या करंगळीच्या वाढवलेल्या नखाने ते पट्टी बंद करत आणि कॅसेट माझ्या टेबलावर ठेवत. बंद म्हणजे काम बाकी. मी सीडी पार्टीला दिली की तेच नख पट्टी उघडायचं. उघडी म्हणजे संपलं, ह्यावर पुढचं लग्न घ्या. एकेका कॅसेटवर किती लग्नं चढली, देव जाणे.

श्रावणात ते गेले. लेकीचा, मृणालचा, पुण्याहून फोन येतो. "आई, फोटो नको. हलणारे बाबा पाठव."

हलणारे बाबा कुठेच नाहीत. जन्मभर ते कॅमेऱ्यामागे. फक्त एकदा, मगदुमांच्या लग्नात, जेवायला बसताना त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला होता. मी त्यांना जेवताना घेतलं. ते कुठल्या कॅसेटवर, ते मी लिहून ठेवलं नाही. म्हणून सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून पाहिल्या. ही शेवटची. संध्याकाळी मिरजेचा माणूस कॅमेरा विकत न्यायला येणार आहे, आणि ह्या टेपा वाचणारा दुसरा कॅमेरा माझ्याकडे नाही.

तासाची टेप उतरायला तासच लागतो. घाई चालत नाही. टेप घासलेली असली, किंवा ती वाचणारं कॅमेऱ्यातलं हेड मळलेलं असलं, की मधल्या फ्रेम गळतात, चित्र उडी मारतं. दुपार आहे. पंखा फिरतोय. पडद्यावर कुणाचं तरी लग्न चाललंय, भटजींचा आवाज लांबत जातो. मग पडदा सगळा पांढरा होतो. अंतरपाट. कॅमेऱ्याला आधी पांढरा रंग दाखवावा लागतो, म्हणजे बाकीचे रंग खरे येतात. ते नेहमी अंतरपाट दाखवायचे. मागून त्यांचाच आवाज, "हं, झालं." तो मी नेहमी कापायची.

मी डोळे मिटते. पांढरं तसंच आहे.

मी अंतरपाटाच्या अलीकडे उभी आहे. कापडाखालून पलीकडची चप्पल दिसते. अंगठा तुटलेला, मी पिन लावलेला.

"झोपलीस व्हय?"

"नाही. टेप उतरतेय."

"घोरत घोरत?"

"अहो, तुम्ही कुठं आहात?"

"कुठं म्हंजे? कॅमेऱ्यामागं. दुसरी जागा हाय का मला?"

मी कापडाला हात लावते. गार आहे. एवढंच वाटतं. गार.

"हे धरलंय कुणी?"

"धरलंय कुणीतरी. तू बोल."

"मृणाल म्हणते की तुमचा एखादा

(इथं फ्रेम गळल्या.)

एसटी स्टँडवर पंगत बसलीय. कोल्हापूरच्या फलाटावर पत्रावळ्या मांडल्यात. मागं बस उभी आहे, ड्रायव्हर पंगत उठायची वाट बघतोय आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. हे माझ्यासमोर मांडी घालून बसलेत. मान खाली. कॅमेरा माझ्या हातात आहे आणि फार जड आहे.

"तोंड वर करा जरा."

"जेवू दे की. पार्टी म्हणंल, लग्न आमचं आणि तोंड शूटिंगवाल्याचं."

"कापते की मी ते. नको ते सगळं कापते."

"ठावं हाय. माझा खोकलासुद्धा कापलास."

"पार्टीला खोकला नको असतो."

"बरोबर केलंस." ते मठ्ठ्याचा घोट घेतात. "आंबट झालाय मगदुमांचा मठ्ठा. हे पण काप."

मी झूम करते. चेहरा जवळ येतो आणि चौकोन चौकोन होतो. कपाळाच्या जागी कपाळाएवढा तपकिरी चौकोन, ओठांच्या जागी दुसरा. चौकोन हलतात. चावतात.

"हेड पुस," चौकोन म्हणतात. "घाण बसलीय हेडावर."

मला आता रडू यायला हवं. मी फोकस बघते.

"अहो, हे जेवण राहिलंय का टेपवर? का त्यावर दुसऱ्या कुणाचं लग्न चढवलंत?"

"चढवलं असंल. पर शेवटपतोर जाऊ दे. नवं लग्न टेपभर पुरत न्हाई, मागं जुनं जरा उरतंय. तुला आपली घाई. वरात गेली की काढलीस कॅसेट

(गळल्या.)

आमची गच्ची. अंतरपाट दोरीवर वाळत घातलाय. ते त्याच्यामागे पाठमोरे, दोरीचे चिमटे काढून खिशात टाकतायत. आमचे चिमटे ते कधीच काढायचे नाहीत.

"संध्याकाळी कॅमेरा जाणार," मी सांगते.

"कोण नेणार?"

"मिरजेचा माणूस."

ते एक चिमटा उघडतात, मिटतात.

"पट्टी बघितलीस?"

"उघडी आहे."

"मग संपलं म्हण की."

"तुम्ही म्हणा. पट्टी तुम्ही सरकवायचा. मी कधीच सरकवली नाही."

ते वळतात. उजवा हात अजून खरकटा आहे, म्हणून डावा पुढं करतात. हात मोठा मोठा होत भिंगावर येतो. आधी नख, मग तळवा. सगळं लालसर काळं होतं.

"हं, झालं."

बेल वाजतेय.

पडदा निळा आहे. टेप संपलीय, कॅमेरा आपोआप थांबलाय. कॉम्प्युटर विचारतोय, फाइल ठेवायची का. मी ठेवते. गालावर खुर्चीच्या वेताची नक्षी उठलीय, ती हाताला लागते.

"ताई, मिरजेहून आलोय," दाराबाहेरून आवाज येतो. "कॅमेऱ्याचं बोलणं झालं होतं."

"आले."

आधी कॅसेट काढायला हवी. बटण दाबते. कप्पा घरघरत उघडतो, कॅसेट वर उचलून देतो. कोमट आहे. मी सवयीने अंगठा पाठीवर नेते.

पट्टी बंद आहे.

मी ती सरकवून बघते. हलत नाही. एडिटिंगमुळे माझी नखं नेहमीच मुळापर्यंत कापलेली. ही पट्टी बोटाने सरकत नाही, नख लागतं.

पुन्हा बेल. मी दार उघडते. माणूस घामाघूम झालाय, हातात रिकामी पिशवी.

"तयार हाय का, ताई?"

"नाही," मी म्हणते. कॅसेट माझ्या मुठीत आहे. "काम बाकी आहे."