लंडनच्या केसचं एस्टिमेट

आमच्या भाऊजींचा, म्हणजे परसराम मेश्रामचा, हात आधी चालायचा आणि तोंड मागून. माझ्या मोठ्या बहिणीला, वच्छलाताईला, डाव्या कानानं ऐकू येत नाही. वरणात मीठ जास्त झालं म्हणून त्यानं काशाची थाळी तिच्या कानशिलावर घातली होती. रक्त मानेवरून पदरात उतरत होतं आणि हा माणूस उरलेलं वरण भुरकत होता. मी समोरच बसले होते. तेव्हापासून तो मला डोळ्यांसमोर नको.

कारखान्यात मात्र त्याला मान. जवाहरनगरला एस्टिमेट सेक्शनमध्ये जन्म गेला. कोणत्याही कामाला माल किती, मजुरी किती, वाया किती जाणार, हे तो आधीच सांगायचा. रिटायर झाल्यावर जवळच शहापूरला तयार घर घेतलं. बाईच्या नावानं मुद्रांक कमी लागतो, म्हणून रजिस्ट्री ताईच्या नावानं केली. प्रेमबिम काही नव्हतं त्यात.

त्यांची मुलगी मनाली लंडनला नर्स. नवरा विनोद तुमसरचा, शिकलेला, गोड बोलणारा. एका संध्याकाळी त्यानं तिची बोटं चौकटीत धरली आणि दार लोटलं. मग पुन्हा लोटलं. हाड मोडल्याचा आवाज त्यांच्या लहानग्या लेकीनं, खुशबूनं, ऐकला. मारायचा तो तिलाही. मनाली पोरीला घेऊन बायकांच्या आश्रयघरात गेली. तिला शहापूरला यायचं होतं, पण विनोदनं तिकडच्या कोर्टात अडवलं. परवानगी मिळाली तरच पोर इकडे येणार, नाहीतर दोघी त्याच्याच शहरात अडकणार.

हे कळल्यावर भाऊजी तुमसरला गेला. विनोदचा मोठा भाऊ घनश्याम अंगणात चहा पीत बसला होता. त्याचा कशातच हात नव्हता. भाऊजीनं बैलगाडीची उभारी, म्हणजे कडेचा उभा दांडा, उपसली आणि त्याचं डोकं फोडलं. टाके पडले, पोलीस केस झाली.

"भाऊजी, आता कसं वाटून राहिलं?" मी विचारलं.

"हात दुखून राहिला," म्हणाला.

मग तो लंडनच्या केसच्या एस्टिमेटला बसला. आपल्याकडे वकील तारखेचे पैसे घेतो. तिकडची वकीलबाई मिनिटाचे घेते, फोनवरचेही, हे आम्हाला कुठे ठाऊक! पहिल्या फोनवर ताईनं "जेवण झालं का वो बाई" पासून सुरुवात केली. मग भाऊजीनं विनोदचा आईबहिणीवरून उद्धार केला आणि दुभाष्यानं एकेक शिवी इमानदारीनं इंग्रजीत केली. बिल आलं. शिव्यांचे पौंड मोजताना त्याचा चेहरा पाहून मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या फोनपासून तो प्रश्न आधी ठरवून बोलायचा. केसचे टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्याला जास्तीत जास्त किती, ते वकीलबाईकडून लिहून घेतलं. कोर्टात उभा राहणारा वकील वेगळा, त्याचे वेगळे. कागदांच्या भाषांतराचे धरले, रुपया घसरला तर त्याचे धरले. कोणत्या टप्प्यावर तडजोड स्वस्त पडेल, तेही काढलं. त्यासाठी प्लॉट विकला, फंड मोडला. मध्येच विनोदचा निरोप आला, पोर माझ्याकडे राहू द्या, तुमचा सगळा खर्च मी देतो. हिशेबानं ते स्वस्त होतं. भाऊजीनं फोन भिंतीवर आपटून फोडला. तेवढ्यापुरता मला तो आवडला.

साक्ष नागपूरच्या एका वकिलाच्या ऑफिसातून, व्हिडिओवर. नात ज्या घरी येणार त्या घराची मालकीण म्हणून ताईला बसवलं. जाताना गाडीत भाऊजीनं तिला पढवलं, "घरात मारहाण होते का म्हणून इचारतील. नाही म्हणजो. एका शब्दाले पैसे नाही लागत."

विनोदच्या वकिलानं तुमसरची पोलीस केस काढली आणि तोच प्रश्न विचारला. दुभाषी ताईच्या डाव्या बाजूला बसला होता.

"भाऊ, इकून या," ताई दुभाष्याला म्हणाली आणि भाऊजीकडे बोट केलं. "तो कान यायनं फोडला."

मनाली पडद्यावर दिसत होती, मोडक्या बोटांनी तोंड झाकून.

"खोटं बोलून पोरीले आणीन तं तिलेबी हेच दिसंल," ताई पुढे म्हणाली. "घर माह्या नावानं आहे. नात तिथं येईल. हे तिथं राहणार नाहीत. लिहून घ्या."

बाहेर जिन्यात भाऊजीनं तिचा बुचडा धरला आणि डोकं भिंतीकडे ओढलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. ताई मात्र ओरडलीही नाही.

"मारा ना," म्हणाली. "याचंबी विंग्रजी होईल."

त्यानं बुचडा सोडला.

परवानगी मिळाली. अट हीच, आजोबा त्या घरात राहणार नाही, पोरीला भेटेल ते कोणीतरी सोबत असताना. त्यानं वकीलबाईला या अटीविरुद्ध अपिलाचा खर्च विचारला. ताईनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो पिशवी भरून बपेऱ्याला, धाकट्या भावाच्या शेतावर, निघून गेला.

मनाली खुशबूला घेऊन आली त्या रविवारी तो भेटायला आला. फाटकाबाहेर उभा, हातात मुरमुऱ्याच्या लाडवांची पिशवी. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. ताईनं खुशबूला पुढे नेलं. मीही मागे गेले.

"आज्याले जयभीम कर," ताई म्हणाली. पोरीनं केला.

त्याचे डोळे भरले. आशीर्वाद द्यायला म्हणून त्यानं हात वर उचलला, आणि खुशबूनं झटकन मान आत घेऊन दोन्ही कोपर डोक्यावर धरले. शेजारी ताईनंही, तसंच.

त्यानं आधी नातीकडे पाहिलं, मग बायकोकडे. वर गेलेला हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. मग पिशवी फाटकावर टांगून तो बस स्टॉपकडे चालू लागला.