थर्मासचा पिंजरा

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गोऱ्या सरकारविरुद्धची ती पत्रकं वडील कणगीत धान्याखाली लपवून ठेवत आणि मी त्यांवरच अक्षरं ओळखायला शिकलो. त्यामुळे असेल, छापलेला कागद खोटं बोलत नाही असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुढे बारामतीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या कामाला लागलो आणि दिवसा दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका जुळवता जुळवता डोक्यात स्वतःची पत्रकं लिहू लागलो.

त्यांतलं एक पत्रक सणसरच्या वळूविरुद्ध होतं. सणसर हे माझ्या आत्याचं सासर. तिथे देवाला सोडलेला एक वळू होता. तो कुणाच्याही उसात शिरायचा, पोट फुगेपर्यंत खायचा आणि त्याला काठी उगारायची कुणाची हिंमत नव्हती. गावच्या साऱ्या गाई त्याच्याकडेच जायच्या आणि त्याच्यासारखीच बुटकी, खुरटी वासरं जन्माला यायची. त्याच सुमारास सरकारनं बारामतीला जनावरांच्या दवाखान्यात चांगल्या जातीचे वळू आणून ठेवले होते. गाय तिथवर नेण्याची गरज नव्हती. वळूचं रेत काचेच्या नळीत भरून, बर्फ घातलेल्या थर्मासमधून गावोगाव पाठवायचं आणि तिथल्या माणसानं ते गाईला द्यायचं, अशी ती योजना होती. मला ती फार आवडली. मी लिहिलं, वळू हटवा, वाण सुधारा. आणखी लिहिलं की जनावराच्या कपाळाला हळदकुंकू फासून दूध वाढत नाही.

चावडीवर बैठक झाली तेव्हा लोक खूप हसले.

"म्हंजी वळू बाटलीत बसून येनार," एकजण म्हणाला.

"सायकलवर येनार," दुसरा म्हणाला. "पावणं पायंडल मारनार आन् वळू मागं बसनार."

मी गावचा पाहुणा. मला तिथे बोलायचा अधिकार आत्यामुळेच होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या आत्यानं पहिल्यांदा हात वर केला. ती विधवा, तिच्या पदरात एक गाय आणि त्या गाईच्या दुधावर तिचा संसार. साखर कारखान्याच्या वसाहतीत ती रतीब घालायची. "माझा भाचा म्हनतो तर खरंच आसंल," ती म्हणाली. मग तरुणांनी हात वर केले आणि वळू गावाबाहेर काढायचं ठरलं. ज्या म्हाताऱ्यानं नवसाला तो सोडला होता, त्याला सारे तात्या म्हणत. तो उठला, वळूच्या गळ्यात दोर घातला आणि त्याला शिवेपलीकडच्या आपल्या मळ्यात घेऊन गेला.

सणसरात रेत देणारा माणूस नेमला गेला. लोक त्याला डॉक्टरच म्हणत. पण बारामतीहून थर्मास आणणार कोण? मोटार कधी यायची, कधी नाही. मी म्हणालो, मी आणतो. माझी सायकल होती, उमेद होती आणि पत्रक माझंच होतं.

आत्याची गाय पहिल्यांदा माजावर आली तेव्हा डॉक्टर रजेवर होता. दुसऱ्यांदा मी थर्मास पिशवीत घालून हँडलला टांगला होता. कालव्याकडच्या उतारावर पिशवी चाकाला घासली, नाडी तुटली आणि थर्मास गाडीवाटेत पडून फुटला. बोलला तो आत्याचा दीर. आम्ही ओसरीवर बसलो होतो आणि तो माझ्याकडे न बघता तिच्याशी बोलत होता.

"वयनी, भाकड गाय मी दावनीला पोसनार न्हाय. येकदा आनिक बगू. न्हायतर इंदापूरचा बाजार हाय."

गाय आत्याची, पण गोठा, कडबा आणि दावण त्याची होती. गाय गेली की रतीब जाणार आणि रतीब गेला की तिनं उरलेलं आयुष्य जावेच्या चुलीपुढे हात पसरून काढायचं, हे ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

मी बारामतीला परतलो तो सरळ सायकलच्या दुकानात गेलो. मला थर्मास पक्का धरून ठेवणारा पिंजरा हवा होता. दुकानदाराकडे तीन होते. पहिला बारीक तारेचा, दुधाची बाटली ठेवायला करतात तसा. त्यात थर्मास तिरका बसायचा. दुसरा जुना, चामड्याच्या पट्ट्यांचा, आतून मऊ. कुणा गोऱ्या साहेबाच्या सायकलवरून उतरवलेला. थर्मास त्यात नीट बसत होता, पण बोटानं ढकलला की पाळण्यासारखा हलत होता. तिसरा लोखंडी पट्ट्यांचा, नवा, गावातच घडवलेला, चारी बाजूंनी पेचानं आवळायचा.

"ह्यो घ्या," दुकानदार चामड्याचा पुढे करत म्हणाला. "सायबाचा माल हाय. टिकाऊ."

"साहेब गेला," मी म्हणालो. "त्याचा माल कशाला?"

"साहेब गेला, पन चामडं ऱ्हायलं की."

मी ऐकलं नाही. लोखंडी पिंजरा दांडीला बसवून घेतला. पट्ट्यांच्या आत जुन्या ट्यूबचं रबर लावून देऊ का, असं दुकानदारानं विचारलं. दोन पैसे जास्त मिळावेत म्हणूनच तो विचारत असावा. मी म्हणालो, रबरानं ढिला होईल. पेच मी स्वतः आवळले. मग सायकल उलटी केली आणि गदागदा हलवली. थर्मास तसूभर सरकला नाही. दुकानातली माणसं जमून बघत होती.

"आता सायकल मोडंल," दुकानदार म्हणाला, "पन बाटली सुटायची न्हाय."

मला इतका आनंद झाला होता की घरी जाताना मी वाटेत दोनदा उतरून पेच चाचपून पाहिले.

गाय माजावर आल्याचा निरोप आला, तेव्हा मी उजाडताच निघालो. दवाखान्यात थर्मास भरून घेतला, पिंजऱ्यात ठेवला, पेच आवळले. रस्ता खडीचा, पुढे नुसती गाडीवाट. उसाच्या गाड्यांनी चाकोऱ्या खोल केल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला हाडं खिळखिळी होत होती आणि प्रत्येक खड्ड्यानंतर मी खाली बघत होतो. थर्मास जागेवर होता. एकदा सायकलसकट आडवा झालो, गुडघा फुटला. थर्मास जागेवर होता. मी अक्षरशः गात गात सणसरात शिरलो.

गोठ्याशी आत्या, दीर, डॉक्टर आणि चावडीवर हसलेल्यांपैकी चारपाच जण उभे होते. पेच इतके घट्ट होते की थर्मास काढायला डॉक्टरला आणि मला दोघांना जोर लावावा लागला. डॉक्टरनं तो कानाजवळ नेऊन हलवला. आत काच वाजली.

त्यानं झाकण काढून थर्मास घमेल्यात पालथा केला. वितळलेल्या बर्फाचं पाणी आलं, मग आरशासारख्या चकचकीत काचा आणि त्यांत मोडलेली नळी. वरचा पत्रा जसाच्या तसा होता. लोखंडानं थर्मासला इतकं घट्ट धरलं होतं की रस्त्याचा एकेक हादरा सरळ आतल्या काचेला बसला होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दीर फक्त म्हणाला, "बाजार शनवारी हाय," आणि आत गेला.

मी गुडघ्याचं रक्त पुसत उभा राहिलो. माझ्या मनात जे येत होतं ते सगळं पत्रकातल्या भाषेत येत होतं आणि ते तिथे म्हणता येण्यासारखं नव्हतं. आत्यानंच गाईचं दावं सोडलं.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"तात्याच्या मळ्यावर. सांजपतोर येळ हाय तिला."

मी म्हणालो, "तात्या वळू द्यायचा नाही." खरं म्हणजे मला म्हणायचं होतं, मी तिथे कोणत्या तोंडानं येऊ.

"दील न्हायतर न्हाय. तू मागनं गाय हाक."

भर उन्हात आम्ही शीव ओलांडली. आत्या पुढे दावं धरून, मी मागे. शेतात काम करणारी माणसं कंबर सरळ करून बघत होती. गाय हंबरत होती आणि कुठे चाललो आहोत हे कुणाला सांगायची गरज राहिली नव्हती.

तात्या विहिरीजवळ बाभळीखाली बसला होता. वळू पलीकडे बांधलेला. मळ्यातलं खाऊन तो आणखी गुबगुबीत झाला होता.

"या पावणं," तात्या म्हणाला. "पत्रक आनलंय न्हवं? वळूला वाचून दावा. परवानगी त्येची घ्याय पायजे."

मी गाईच्या मागे सरकलो.

"तात्या," आत्या म्हणाली, "पोराची थट्टा मागनं करा. गाय माजाची हाय. दीर बाजार दावतोय."

तात्यानं तिच्याकडे बघितलं. "मग आदी न्हाय का यायचं? तुजी गाय काय परकी हाय?" तो उठला. झोपडीत जाऊन गुळाचा खडा आणि हळदकुंकवाची लाकडी कोयरी घेऊन आला. तिथे तशी रीतच होती. वळूकडे गाय आणणाऱ्यानं आधी त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावायचं, गूळ चारायचा, मगच गाय पुढे न्यायची. त्याशिवाय तात्यानं वळू सोडला नसता.

कोयरी पुढे झाली आणि तात्या थबकला. गाय आत्याची होती, म्हणून कुंकू तिनं लावायचं. पण विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही, हीही तिथली रीतच. तात्या अवघडून तिच्याकडे, मग माझ्याकडे बघू लागला.

विधवेच्या कुंकवावर मी एक अख्खं पत्रक लिहिलं होतं. बारामतीच्या बाजारात मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, की तात्या, गाय तिची आहे, तीच लावेल. तात्या वाईट माणूस नव्हता. कुरकुरला असता. कदाचित नाही म्हणाला असता. तेवढीच भीती होती. गाय हातची जाईल, मी दुसऱ्यांदा नाही तिसऱ्यांदा तिला बुडवीन, या भीतीनं मी पुढे झालो, तात्याच्या हातातून कोयरी घेतली आणि वळूच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. गूळ चारला. वळूनं माझा हात चाटला.

"शाना हाय," तात्या म्हणाला. कुणाला म्हणाला ते मी विचारलं नाही.

पुढचं काम लवकर झालं. परतताना आत्या मोकळेपणानं बोलत होती. गाय बरी लागली, आता दिराला बोलायला जागा नाही, तुझ्या गुडघ्याला घरी गेल्यावर हळद लावू. काचेचं तर तिच्या मनातसुद्धा नव्हतं. मी थर्मासबद्दल माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा तिनं मला थांबवलं.

"तू काय मुद्दाम फोडलास व्हय रं? काच हाय ती. फुटनारच."

ते खरं होतं. थर्मास मी मुद्दाम फोडला नव्हता.

गाय गाभण राहिली. शनिवारचा बाजार झाला आणि ती दावणीलाच राहिली. पुढे कालवड झाली, बापासारखी बुटकी, आणि आत्याचा रतीब पुन्हा सुरू झाला. डॉक्टरनं बारामतीहून दुसरा थर्मास मागवला. मी तो चामड्याच्या पिंजऱ्यातून आणू लागलो आणि तो फुटला नाही. सणसरचे लोक आता मला हसत नाहीत. आत्या माझं कौतुक करते. भाच्यानं जोखमीच्या वेळी शहाणपणा केला, असं ती सांगते.

तात्यानं कोयरी पुढे केली तेव्हा आत्या माझ्या शेजारीच उभी होती. तिनं दावं डाव्या हातात घेतलं होतं आणि उजवा हात पदराला पुसत होती. पुसून झाल्यावर तो थोडा पुढे आला होता. मी तो पाहिला आणि तरी कोयरी घेतली. नंतर तो हात कुठे गेला, ते मी पाहिलं नाही.