पंपघरात आलेला फोन

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण शंका काढायची सवय आहे — तीही मनातल्या मनात, कारण चार लोकांत माझं तोंड उघडत नाही. म्हणूनच हे कोणाला न सांगता वहीत लिहिते आहे.

आमचं घर पिंपळगाव राजाच्या बाहेर, शेताच्या रस्त्याला. माझे मालक यवतमाळच्या पलीकडे एका कोळशाच्या खाणीत कामाला आहेत. कोळशात मिथेन नावाचा गॅस असतो. तो खाणीत साचला तर स्फोट होतो. म्हणून पाइपांनी ओढून वर आणतात आणि त्यावर इंजिन चालवून वीज करतात. खाली पाइप सांभाळायचं काम मालकांचं, वर पंपघरात देवरावभाऊ. पंपघराचा नंबर मालकांनी आमच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे.

एका सुट्टीत ते म्हणाले होते, "पयले खानीत दिवा नेत. जोतीवर निळी टोपी दिसली का समजाचं, गॅस आला."

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास देवापुढे दिवा लावला, तर ज्योतीवर निळी टोपी! मला आधी सिलिंडरचा संशय आला. रेग्युलेटर बंद केला, दिवा अंगणात नेला... तिथेही टोपी तशीच. मालक त्या वेळी खाली होते. फोन घेतला, भिंतीवरचा नंबर दाबला, पण हिरवं बटण दाबवेना. परक्या माणसाला काय सांगू? दिवा निळा दिसतो म्हणून? हसतील. फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. थोड्या वेळानं ज्योत पिवळी झाली.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. हसत होते. "लोक बायकोच्या फोनले भेतात, मी त त्याच्यानंच वाचलो!"

"कोनता फोन?"

"पंपघरात केला तो. तुहा फोन आला म्हनून देवरावनं गॅसचा काटा पाह्यला. पाइपाचा जोड निसटला होता, गॅस खालीच पसरून राह्यला होता. आमाले साऱ्याइले वर घेतलं."

"म्या नाही केला फोन."

"आता काऊन लाजून राह्यली?"

मी माझा फोन पाहिला. त्यात तो कॉल नव्हता.

पंपघरात येणारा प्रत्येक फोन वहीत लिहितात. ते पान मालकांनी मोबाइलवर पाठवलं. "घरून पत्नी. दिव्याला निळी टोपी आली म्हणते. वर घ्या." आणि पुढे तीन टिंबं, मग मालकांचं पूर्ण नाव. देवरावभाऊंनी सांगितलं, बाईनं नाव घेतलं तसंच लिहिलं.

ते नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी मालकांचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, इथेही लिहिलेलं नाही. म्हणजे ती मी नव्हे. मग त्यांचं नाव घेणारी, स्वतःला त्यांची पत्नी म्हणवणारी कोण? निळ्या टोपीची गोष्ट त्यांनी तिलाही सांगितली असेल...

ते घरी आले की मी शर्ट हुंगायची, फोनमधले नंबर बघायची.

"काय शोधून राह्यली?"

"काही नाही."

शेवटी एकदा बोललेच. ते चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीनं खाणीवर घेऊन गेले.

देवरावभाऊंनी मला शेजारच्या खोलीत बसवलं आणि तिथून पंपघरात फोन लावून तेच शब्द बोलायला सांगितले. मी नावाशी अडकले.

"घ्या वहिनी, तुमच्या मालकाले बाहीर पाठोलं. कोनी आयकून नाही राह्यलं."

घेतलं. पलीकडून देवरावभाऊ हळूच म्हणाले, "हाच आवाज होता. नावाच्या आधी अशाच थांबल्या होत्या तुमी."

परतीच्या गाडीत मालकांनी विचारलं, "आता पटलं?"

मी हो म्हणाले. पटलं नाही. देवरावभाऊ त्यांचे जिवलग. मालकांनी शिकवून ठेवलं असेल तर? पण वहीतली टिंबं तर आधीची; मी अडकणार, हे कोणी कोणाला कसं शिकवणार?

दुसरी बाई असेल तर माझा संसार खोटा. नसेल, तर मी अंगणात गप्प बसलेली असताना माझ्या आवाजात तिकडे बोललं कोण? ज्या फोननं ते जिवंत वर आले, त्याचाच मी संशय घेते आहे. आणि या दोन्हींतलं काय खरं निघावं म्हणून देवाला सांगावं, तेही मला अजून कळत नाही.