मुलीचं वय

माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. ईदच्या सुट्टीत अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये बसून ती कंटाळली, म्हणून मी तिला शारजापलीकडच्या वाळवंटात चार चाकांची क्वाड बाईक चालवायला नेलं. बायकोला त्या दिवशी ड्युटी होती. निघताना तिने बजावलं होतं, पोरीला एकटीला गाडी देऊ नकोस, आपल्या मागे बसव.

बाईक भाड्याने देतात तिथे मेंदीने दाढी रंगवलेला, पन्नाशीचा एक पठाण गाईड होता. हेल्मेटचा पट्टा घट्ट लावा, वाळूच्या चढावर गाडी आडवी घालू नका, माथ्याजवळ वेग कमी करा कारण पलीकडचं दिसत नाही, माझ्या चाकांची खूण सोडू नका, हे सगळं त्याने हिंदीत दोन-दोनदा सांगितलं. मग त्याने मुलीचं वय विचारलं. सोळाच्या आतल्यांना ते एकटं चालवू देत नसत.

"सोलह," मी म्हणालो.

त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून हेल्मेट चढवलं.

गाईड पुढे, मधे ती, शेवटी मी. ती फार सांभाळून चालवत होती. इतकी, की मलाच कंटाळा आला आणि मी मागून ओरडलो, यल्ला, चल, दाब जरा. तिने दाबलं. नेमका समोर माथा होता. गाडीची पुढची चाकं हवेत गेली आणि ती पलीकडे दिसेनाशी झाली.

मी वर पोचलो तेव्हा ती वाळूत पडली होती आणि गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर उलटी होती. गाईड माझ्याआधी तिथे होता. त्याने इंजिन बंद केलं, मला तिला उचलू दिलं नाही, तिची मान धरून ठेवली आणि पायाची बोटं हलवून दाखवायला सांगितली. बोटं हलली. गळ्याजवळचं हाड मात्र मोडलं होतं.

हॉस्पिटलमध्ये बाईकवाल्यांचा मालक आला. हॉस्पिटलात दाखवलेल्या ओळखपत्रावरून मुलीचं खरं वय कळलं होतं. आमच्यासमोरच त्याने गाईडला फैलावर घेतलं. आपण दोनदा विचारलं होतं, एवढंच गाईड म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात मुलगी कॉटवरून म्हणाली, "आय टोल्ड हिम सिक्स्टीन. पपा वॉशरूमला गेले होते."

गाईडने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिचं म्हणणं तसंच राहू दिलं.

बायको आली आणि तिने पोरीला खूप झापलं. घरी आल्यावरही ते थांबलं नाही. हात गळ्यात अडकवलेली मुलगी निमूट ऐकून घ्यायची आणि मी शेजारी बसलेला असायचो. चौथ्या दिवशी सकाळी बायको तिची वेणी घालताना पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी सांगून टाकलं. वय मी खोटं सांगितलं होतं, जोरात चालव असंही मीच म्हणालो होतो.

बायकोचा हात थांबला. "चार दिवस तू तिला माझी बोलणी खाऊ दिलीस?" ती म्हणाली. मग तिने वेणी पुरी केली आणि मुलीच्या खांद्याला न दुखेल अशा बेताने तिला जवळ घेतलं. माझ्याशी ती त्या दिवशी पुन्हा बोलली नाही.

शनिवारी मी एकटाच बाईकवाल्यांकडे गेलो. गाईडला राईडवरून काढून हेल्मेट पुसायला बसवलं होतं. त्याच्यासमोरच मी मालकाला खरं सांगितलं. मालक म्हणाला, खलास, संपलं ते, पोरगी बरी आहे ना? याला परत राईडवर घ्या, असं मी म्हटल्यावर तो इन्शाल्ला म्हणाला आणि फोनकडे वळला. मी गाईडची माफी मागितली. तो हातातलं हेल्मेट पुसत राहिला.

"बच्ची को झूठ नहीं सिखाना था, साहब," तो शांतपणे म्हणाला.

हाड जुळलं. जुळलं तिथे एक लहानसा उंचवटा राहिला आहे. त्या माणसाला पुन्हा राईडवर घेतलं की नाही, मला माहीत नाही. एकदा जाऊन बघता आलं असतं. मी गेलो नाही.