डेलोसहून तीनची बोट

मी म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. 'ते आपोआप झालं' हे वाक्य मी कामात कुणाचं ऐकून घेत नाही. साताऱ्याला आमच्या शेजारच्या पिंपळावर मुंजा आहे म्हणायचे. मी दहावीचा अभ्यास त्याच पारावर बसून केला. तेव्हा हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

गेल्या मे महिन्यात बाबा माझ्याकडे आले होते. निवृत्त इतिहासशिक्षक, वय चौऱ्याहत्तर. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी वेळेत पोहोचले नव्हते. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, शुक्रवारी निघते, असं मी म्हणाले, आणि आई बुधवारीच गेली. बाबा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. त्यांना ग्रीस बघायचं होतं, म्हणून मी मिकोनोसची तिकिटं काढली. फक्त आम्ही दोघं.

मिकोनोसहून बोटीने अर्ध्या तासावर डेलोस बेट आहे. गावबिव काही नाही — मोडके खांब, संगमरवरी सिंह आणि रणरणतं ऊन. अपोलो देवाचा जन्म तिथला. बेट इतकं पवित्र मानलं, की पुढे तिथे कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही असा कायदाच केला. मरायला टेकलेल्यांना होडीत घालून शेजारच्या बेटावर नेत. बाबांनी हे मला वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं. वर म्हणाले, "इथं विमा एजंट उपाशी मेला असता. म्हणजे, तेही जमलं नसतं म्हणा!"

बाराच्या सुमाराला सिंहांपाशी ते एका दगडावर बसले आणि डोळे मिटले. मी हाका मारल्या, हलवलं... ओ नाही. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

"काय गं, ओरडतेस काय?"

मी पाणी पुढे केलं, नको म्हणाले. एवढ्या उन्हात त्यांचा हात गार लागत होता. मिकोनोसला जाऊन डॉक्टरला दाखवू म्हटलं, तर म्हणाले, "मला बरं वाटतंय. बस इथं."

आणि बाबा आईबद्दल बोलायला लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"शेवटी ती तुझी वाट बघत नव्हती गं. तिला वाटत होतं, तू आतल्या खोलीत झोपली आहेस. मला म्हणाली, पोरगी दमलीय, उठवू नका. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. रागापायी ठेवून घेतलं मी. चुकलं माझं."

मी तिथेच, सगळ्या टुरिस्टांसमोर ढसाढसा रडले. किती हलकं वाटलं, सांगता येत नाही.

अडीचला राखणदाराने शिटी वाजवली. तीनची शेवटची बोट. रात्री बेटावर कुणाला राहू देत नाहीत.

"अजून थोडं बसू," बाबा म्हणाले.

"बाबा, चला! बोट चुकेल."

जर्मनीत अकरा वर्षं काढली की माणूस घड्याळाचा गुलाम होतो. मी त्यांना दंडाला धरून उठवलं. धक्क्यावर ते जरा थबकले. "बरं, तू म्हणतेस तर," म्हणाले आणि आपल्या पायांनी बोटीत चढले.

बोटीने धक्का सोडला आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, झोप लागली.

मिकोनोसच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, कधी गेले? मी म्हटलं, अर्धा तास झाला असेल. त्यांनी बाबांचा जबडा, मान पुन्हा तपासली. "नाही. निदान तीन तास झालेत."

मी त्यांच्याशी भांडले. मग बाबांच्या मनगटावरच्या स्मार्टवॉचची नोंद फोनवर उघडली. नाडीची रेघ अकरा बावन्नला संपली होती. पावलं मात्र तीनपर्यंत मोजलेली होती.

घड्याळ सैल झालं असेल. डॉक्टरबाईंचा अंदाज चुकला असेल. गेनाऊ, अगदी बरोबर... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण माझं मलाच ते अजून पटलेलं नाही, आणि दुसरं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

आईच्या वेळी मी उशीर केला आणि बाबांच्या वेळी घाई. ही बोच आहेच. पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे, ती आज पहिल्यांदा लिहिते. बाबा जर बारालाच गेले असतील, तर मला माफ कुणी केलं?